खालचा थर

माझ्या वहिनीच्या कोंबड्यांच्या शेडला टाळं लागायची वेळ आली होती, आणि ज्या माणसाच्या हातात ते टाळं होतं त्याला भुंगेरा आणि झुरळ यांतला फरक कळत नव्हता. हे मी रागाच्या भरात म्हणत नाहीये. आरोग्य अधिकारी साहेबांनी माझ्यासमोर शेडमध्ये उभं राहून, नाकाला रुमाल लावून, पिंजऱ्यांखालच्या खताकडे बोट दाखवून विचारलं होतं, "ही एवढी झुरळं कशाला पाळलीत?"

"झुरळं नाहीत ती," मी म्हटलं. "भुंगेरे आहेत. विदूषक भुंगेरे. माश्यांची अंडी खातात ते."

"मग माश्या एवढ्या कशा?"

"पाण्याची पाइप गळतेय म्हणून. त्या कडेचं खत ओलं झालंय. माशीला ओलं लागतं आणि भुंगेऱ्याला कोरडं. पाइप आज दुरुस्त होईल, आठवड्यात खत वाळेल, मग..."

"बाई," साहेबांनी रुमाल थोडा खाली घेतला, "किडे ते किडे. काळे, पांढरे, उडणारे, चालणारे, मला काही घेणं नाही. तक्रार आली आहे. सगळं साफ करा. दोन महिन्यांनी परत येईन. तेव्हा माश्या आटोक्यात दिसल्या नाहीत तर शेड बंद."

किडे ते किडे! जगात भुंगेऱ्यांच्याच चार लाखांच्या आसपास जाती आहेत. माणसं त्यांच्यातल्या एकेका कुळावर जन्म काढतात. मीही त्यातलीच एक. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि उरलेला सगळा वेळ विदूषक भुंगेऱ्यांच्या मागे असते. माझ्या पलंगाखाली कपडे नाहीत, भुंगेऱ्यांच्या पेट्या आहेत. आणि हा गृहस्थ येऊन तीन शब्दांत सगळं प्राणिशास्त्र गुंडाळून, गाडीत बसून निघून गेला. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती पाइप दुरुस्त होईपर्यंत उतरली नाही.

पण डोक्यात तिडीक जाणं मला परवडतं, वहिनीला नाही. दादाच्या पाठीचं हाड एका अपघातात दुखावलं आणि त्याची ड्रायव्हरकी सुटली, तेव्हापासून ते घर अंड्यांवर चालतं. घरामागे लांबलचक शेड, आत पिंजऱ्यांच्या रांगा उंच खांबांवर बसवलेल्या, वर कोंबड्या, समोर अंडी घरंगळत येतात तो उतार, आणि खाली खत. वहिनी पहाटे शेडमध्ये शिरते ती दुपारी बाहेर येते. तिच्या हातांना कोंबड्यांच्या खाद्याचा वास कायमचा आहे. दादा अंडी निवडतो, तडकलेली बाजूला काढतो, ट्रे भरतो आणि दिवसभर सूचना करतो. शेड बंद झाली असती तर त्या दोघांकडे दुसरं काहीही नव्हतं. मीही त्याच घरात राहते, माझा पगार आहे, पण वहिनीने तो कधी हातात घेतला नाही. "माझ्या कोंबड्या आहेत अजून," म्हणते.

तक्रार कुणी केली हे सांगायची गरज नव्हती. शेडच्या पलीकडच्या बंगल्यात राहणारे, आम्ही ज्यांना गुलाबकाका म्हणतो ते. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी गुलाब लावले आणि तेव्हापासून जगातली प्रत्येक गोष्ट गुलाबांच्या नजरेतून बघायला लागले. वारा आला तर गुलाबांसाठी चांगला की वाईट, शेजारी मुलं खेळली तर चेंडू गुलाबांवर येईल का. शेडमधून माश्या आल्या की ते कुंपणाशी येऊन म्हणायचे, "अहो वहिनी, तुमच्या पाहुण्यांना बोलवा परत." वहिनी हसून मान डोलवायची. आत येऊन भांडी आपटायची.

आता तुम्ही म्हणाल, या विदूषक भुंगेऱ्यांचं एवढं काय. तर ऐका. त्यांना विदूषक का म्हणतात याबद्दल जाणकारांचं एकमत नाही. कुणी म्हणतं, त्यांचे पाय ढगळ विजार घातल्यासारखे रुंद दिसतात म्हणून. कुणी म्हणतं, बोट लावलं की पाय, मिशा, डोकं सगळं आत ओढून मेल्याचं सोंग घेतात म्हणून. मला विचाराल तर नाव ठेवणाऱ्याने नुसतं वरवर बघितलं, आणि त्याच्यावरही माझा राग आहे. जवळजवळ पाच हजार जाती आजवर नोंदल्या गेल्यात आणि अजून नव्या सापडतातच आहेत. बहुतेक काळे, चकचकीत, अंगाने घट्ट. पाठीवरची पंखांची झाकणं तोकडी, त्यामुळे मागची दोन वळी उघडी राहतात, सदरा आखूड पडल्यासारखी. मिशा कोपरात वाकलेल्या, टोकाला गाठ. एवढं सगळ्यांचं सारखं. पण राहायच्या जागा बघितल्यात तर थक्क व्हाल. झाडाच्या सालीखाली राहणारे चपटे, पातळ. लाकडातल्या बोगद्यांत शिरून शिकार करणारे लांबट आणि गोल. वाळूत राहणारे, त्यांचे पाय खणण्यासाठी बनलेले. काही मुंग्यांच्या वारुळात राहतात, तिथे मुंग्या त्यांना चाटतात, खाऊ घालतात, आणि हे बिनदिक्कत मुंग्यांचीच पिल्लं खातात. काही पक्ष्यांच्या घरट्यांत, काही उंदरांच्या बिळांत, काही मेलेल्या जनावराखाली. एक नुसता दुसऱ्यासारखा दिसला म्हणून तो तोच असं नाही. पाठीवरच्या बारीक रेघा भिंगाखाली मोजाव्या लागतात, तरी कधी कधी पोट उघडून बघितल्याशिवाय जात ठरत नाही. मी तिळाएवढ्या भुंगेऱ्याचं पोट उघडते तेव्हा दादा दाराशी येऊन विचारतो, "ऑपरेशन यशस्वी झालं का डॉक्टर?"

वहिनीच्या शेडमध्ये राहतो तो तिळाहूनही लहान. पण माशीने घातलेली अंडी आणि नुकत्या निघालेल्या अळ्या शोधून शोधून खाणं हेच त्याचं आयुष्य. लहानपणीही तेच, मोठेपणीही तेच. सुट्टी नाही, पगार नाही. त्याची एकच अट असते: पायाखालचं जुनं, कोरडं खत काढायचं नाही. वर ताजं पडत राहतं, माशी तिथे अंडी घालते, हा खालच्या थरातून वर येतो, खातो आणि खाली जातो. म्हणून मी वहिनीला पहिल्यापासून सांगितलं होतं, खत एकदम सगळं काढायचं नाही. एक रांग काढली तर शेजारची ठेवायची, आणि काढली त्या रांगेतही वीतभर जुना थर सोडायचा. वहिनीला भुंगेरे बघून शिसारी यायची, पण तिने हा नियम पाळला होता आणि वर्षानुवर्षं माश्या हाताबाहेर गेल्या नव्हत्या. या वर्षी पाइप गळली, एवढंच झालं होतं.

पाइप दुरुस्त झाली. ओलं खत वाळायला लागलं. आणि मला परीक्षांच्या कामासाठी दुसऱ्या गावच्या कॉलेजात जावं लागलं. जाताना मी वहिनीला बजावलं, "आता कशाला हात लावू नकोस. नुसतं बघ."

"अगं हो, किती वेळा सांगशील," वहिनी म्हणाली.

मी परत आले तेव्हा शेडच्या दारात चुन्याच्या वासाने ठसका लागला. आत पाऊल टाकलं. जमीन दिसत होती. पिंजऱ्यांखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लख्ख सिमेंटची जमीन. खांब धुतलेले. कडेने चुन्याची पांढरी रेघ. कोपऱ्यात फवारणीचा पंप उलटा करून वाळत ठेवलेला. दादा खुर्चीत बसून, शेड आपण स्वतः बांधल्यासारखा, म्हणाला, "बघ! आरशासारखी केलीय. आता येऊ दे तुझ्या साहेबाला."

"खत?"

"सगळं काढलं. चार दिवस माणसं लावून."

"सगळं?"

"सगळं म्हणजे सगळं. कानाकोपऱ्यातलं खरवडून. आणि दुकानदाराने औषध दिलं, काळ्या किड्यांचं खास."

काळ्या किड्यांचं खास! कोंबड्यांच्या शेडमध्ये आणखी एक काळा किडा असतो, मोठा, लांबट, लाकूड पोखरणारा, खरोखर उपद्रवी. औषध त्याच्यासाठी होतं. दुकानदाराने विचारलं असणार, "काळे का?" दादा म्हणाला असणार, "काळे." झालं, निदान संपलं. कोण कुठल्या कुळातलं, कोण काय खातं, कोण कुणाच्या बाजूचं, काही बघायचं नाही. रंग विचारायचा आणि औषध मारायचं.

मी ओरडले. काय काय ओरडले ते आता आठवत नाही, पण पिंजऱ्यांतल्या कोंबड्या गप्प झाल्या एवढं आठवतं. "पाहुणे यायचे होते म्हणून घर आवरलंत का? साहेब जेवायला येणार होता का? साफ दिसायला पाहिजे म्हणून जे साफ करत होते त्यांनाच बाहेर फेकलंत?"

दादाने मान खाली घातली. वहिनी बाहेरून आली, हातात अंड्यांचा ट्रे. तिने ट्रे हळूच खाली ठेवला आणि मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही जरा ऐका."

एरवी वहिनी मला 'अगं' म्हणते. 'वन्सं' आणि 'तुम्ही' आलं की समजायचं, आता खरं भांडण आहे.

"तुम्ही गेलात," ती म्हणाली. "गुलाबकाका रोज कुंपणाशी. रोज. 'वहिनी, साहेबांचा फोन आला होता मला. वहिनी, ते म्हणतात बंदच होणार.' तुमच्या दादांना झोप नाही. आणि मी काय करायचं? खताकडे बघत बसायचं? साहेब येईल आणि मी त्याला सांगणार, थांबा, खाली तिळाएवढे भुंगेरे आहेत, ते काम करताहेत? तुम्हाला कळतं ते, भिंगातून दिसतं. मला दिसतं ते घाण दिसतं. त्यालाही तेच दिसणार."

तिचं म्हणणं खरं होतं, आणि त्याचाही मला राग आला.

माशीचं आयुष्य भराभर चालतं. अंडी, अळी, कोष, माशी, आठवडा-दीड आठवड्यात काम तमाम. भुंगेऱ्याला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे मैदान मोकळं करून दिल्यावर कोण आधी परत येणार हे सांगायला प्राणिशास्त्र लागत नाही. ताज्या खताचा पहिला थर साचला आणि तो वळवळायला लागला. मग एका सकाळी वहिनीने शेडचं दार उघडलं आणि दोन पावलं मागे आली. वायरींवर माश्या, दिव्यांवर माश्या, अंड्यांच्या ट्रेवर काळे ठिपके. स्वयंपाकघरात जेवताना एका हाताने घास घ्यायचा, दुसऱ्या हाताने माश्या वारायच्या. दादा पुन्हा पंप घेऊन उठला, तेव्हा वहिनीने त्याच्या हातातून पंप काढून घेतला.

गुलाबकाका कुंपणाशी आले, या वेळी चेहऱ्यावर समाधान होतं. "मी म्हणत होतो ना! आणि गंमत बघा, माझ्या बागेत मात्र एक माशी नाही. स्वच्छता अंगात असावी लागते, वहिनी."

मी कान टवकारले. शेजारी माश्यांचं थैमान आणि यांच्याकडे एकही नाही? मी वहिनीला विचारलं, "खत कुठे टाकलं?"

वहिनीने नजर चुकवली. "गुलाबकाकांनी मागितलं होतं. तुझे दादा म्हणाले, देऊन टाकू, फुकट, तेवढाच त्यांचा राग शांत होईल."

म्हणजे हा माणूस आमच्या खताची तक्रार साहेबाकडे करत होता, आणि तेच खत मागून घेऊन आपल्या गुलाबांना घालत होता! फुकट! आणि खताबरोबर आमचे भुंगेरे घेऊन गेला, त्यांनी त्याच्या बागेतल्या माश्या साफ केल्या, आणि तो आम्हाला स्वच्छता शिकवायला आला! मला असं वाटलं की कुंपणावरून उडी मारावी. पण वय आणि कुंपणाच्या तारा दोन्ही आडवे आले, म्हणून फाटकातून गेले.

बंगल्यामागे, गुलाबांच्या वाफ्यांपलीकडे, खताचा ढीग होता. वरून पूर्ण वाळलेला. औषध मारलं होतं ते खत निघून गेल्यावर, रिकाम्या जमिनीवर, त्यामुळे ढिगाला त्याचा थेंबही लागला नव्हता. मी वाकून हाताने वरचा पापुद्रा बाजूला केला. खाली काळेभोर, चकचकीत, असंख्य. माझा हात लागताच एकजात सगळ्यांनी पाय आत ओढले आणि मेल्यासारखे निपचित पडले. मी तशीच थांबले. एकाने मिशी बाहेर काढली, मग पाय, मग सगळे कामाला लागले. खरं सांगते, मला रडू आलं.

"काय किडाबाई, माझ्या खतात काय हरवलं?" गुलाबकाका मागे उभे होते.

मी त्यांना सगळं सांगितलं. हे कोण, काय खातात, तुमच्याकडे माश्या का नाहीत, आमच्याकडे का आहेत. वर्गात सांगते त्याहून सोपं करून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक वेगळाच भाव आला.

"असं का," ते म्हणाले. "म्हणजे हे फार उपयोगी आहेत."

"तेच सांगतेय. म्हणून अर्धा ढीग परत न्यायचाय."

"छे छे. दिलेली वस्तू परत मागतात का कुणी? आणि उपयोगी आहेत म्हणता, मग मी का देऊ? माझ्या गुलाबांना लागतील." त्यांनी ढिगाकडे असं बघितलं, जणू त्यांनीच एकेक भुंगेरा जन्माला घातला होता.

पाच मिनिटांपूर्वी हे किडे होते. आता मालमत्ता झाली होती. मी काय बोलले ते छापण्यासारखं नाही. परत आले ती रागाने थरथरत, आणि वहिनीला म्हटलं की या माणसाला मी सोडणार नाही. वहिनीने हात पुसले. "तू बस," म्हणाली. "तुला भुंगेऱ्यांचं कळतं. मला गुलाबकाकांचं कळतं."

ती कुंपणाशीच गेली, आत गेली नाही. गुलाबकाका अजून ढिगापाशी राखण करत उभे होते.

"काका," वहिनी म्हणाली, अगदी गोड आवाजात, "हा ढीग संपल्यावर पुढचं खत कुठून आणणार?"

"म्हणजे? तुमच्याकडून."

"शेड बंद झाल्यावर?"

गुलाबकाकांनी शेडकडे बघितलं, गुलाबांकडे बघितलं, पुन्हा शेडकडे बघितलं. हा विचार त्यांच्या डोक्याला आजवर शिवला नव्हता, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. एवढा निवृत्त, शिकलेला, फोन करून साहेबाला जागं ठेवणारा माणूस!

"अर्धा न्या," शेवटी ते म्हणाले. "पण मागच्या फाटकाने. समोरून नेऊ नका, लोक बघतात. आणि तक्रार मी मागे घेणार नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे."

तत्त्वाचा! मी तोंड उघडलं, वहिनीने माझ्या पायावर पाय दिला.

मग आम्ही दोघींनी घमेल्यांनी तो अर्धा ढीग परत आणला. वहिनी नाकाला फडकं न बांधता, हात कोपरापर्यंत बुडवून. जमीन आधी घासून धुतली, औषधाचा अंश राहू नये म्हणून, नीट वाळवली, मग प्रत्येक रांगेखाली वीतभर कोरडं खत पसरलं. चार दिवस माणसं लावून काढलेलं खत आम्ही आमच्या हातांनी पुन्हा घातलं. दादा दारात उभा राहून म्हणाला, "लोकांना कळलं तर वेड्यात काढतील." वहिनी म्हणाली, "काढू दे. घमेलं धर."

पहिले काही दिवस काहीच फरक नव्हता, आणि वहिनी मला रोज सकाळी एकच प्रश्न विचारायची, "खाताहेत का गं?" मी म्हणायची, खाताहेत. ती खाली वाकून बघायची. एकदा तिने मला हाक मारून बोलावलं आणि बोटाने दाखवलं: एक भुंगेरा अळीला धरून ओढत होता, अळी त्याच्याहून लांब. "बघ, सोडत नाहीये," वहिनी म्हणाली, आणि तिच्या आवाजात शिसारी नव्हती. हळूहळू वायरी मोकळ्या झाल्या. ट्रेवरचे ठिपके कमी झाले. स्वयंपाकघरात दोन्ही हातांनी जेवता यायला लागलं.

साहेब आले. त्यांच्या खात्याची पद्धत अशी, की आठवडाभर आधी माणूस पाठवून शेडमध्ये पांढरी कार्डं टांगतात. माश्या बसतात, ठिपके सोडतात, मग ठिपके बघून माश्या किती ते ठरतं. साहेबांनी रुमाल नाकाला लावून एकेक कार्ड काढलं. उजेडाकडे धरलं. पुन्हा धरलं. जवळजवळ कोरी होती.

"उत्तम," साहेब म्हणाले. "मर्यादेच्या कितीतरी आत आहे." दादाने डोळे मिटून घेतले. साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचायला लागले, "खात्याच्या सूचनेनुसार शेडमधील खत संपूर्ण काढून, जमीन स्वच्छ करून, कीटकनाशकाची फवारणी केल्यामुळे माश्या आटोक्यात आल्या..."

"नाही," मी म्हटलं. "ते केलं तेव्हा माश्या वाढल्या. खत परत आणून घातलं तेव्हा कमी झाल्या. खाली बघा, खत आहे!"

"बाई, तपशिलात जाऊ नका. काम झालं ना? शेड वाचली ना? यात शेडमालकीणबाईंची सही पाहिजे. आणि या अनुभवावरून आजपासून आसपासच्या सगळ्या शेडना हेच सांगणार आहे. आत्ता पलीकडच्या रस्त्याच्या शेडवर जायचंय, तिथेही तक्रार आहे. त्यांना कालच कळवलंय, सगळं काढून ठेवा म्हणून."

आमचे भुंगेरे वापरून हा माणूस बाकीच्या सगळ्या शेडमधले भुंगेरे मारणार होता. मी बोलायला लागले आणि दादाने माझा हात धरला. "करू दे गं सही. एकदा होऊन जाऊ दे." मग वहिनीकडे वळून, "कर सही."

वहिनीने पेन घेतलं. मला तिचा राग आला नाही. तिची शेड होती, तिचं घर होतं, दोन महिने तिने जीव मुठीत धरून काढले होते. तिने सही करावी असंच कुठेतरी मलाही वाटलं, आणि त्या वाटण्याची मला चीड आली.

वहिनीने ओळ पुन्हा वाचली, ओठ हलवत. मग तिने त्या ओळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली.

"हे काय केलंत?" साहेब ओरडले.

"हे खोटं आहे, साहेब. खत काढल्यावर माझ्या अंड्यांवर माश्यांचा थर बसला होता. मी पाहिलाय, पुसलाय. कार्डं कोरी आहेत एवढं लिहा, मी सही करते."

"असं चालत नाही. खात्याने सांगितलेला उपाय लिहावा लागतो. नाहीतर मी तुम्हाला मंजुरी देऊ शकत नाही."

"मग देऊ नका. टाळं लावा. पण टाळं लावताना लिहा की कार्डं कोरी होती."

साहेबांनी कार्डांकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं. कोऱ्या कार्डांवर टाळं लावायचं त्यांचं धाडस झालं नाही आणि खोडलेल्या ओळीवर मंजुरी द्यायची त्यांची दानत नव्हती. कागद घडी करून खिशात घातला. "बघू," म्हणाले, "पुढच्या तपासणीला." आणि गाडीचं दार आपटलं.

दादा खुर्चीत मटकन बसला. "काय केलंस हे? हातात आली होती."

वहिनीने हात कपड्याला पुसले, पुन्हा पुसले. मग एकदम माझ्याकडे वळली. "स्कूटर काढ."

"कुठे?"

"पलीकडच्या रस्त्याला. ती बाई एकटी आहे, मी ओळखते तिला. साहेब येणार म्हणून ती आत्ता सगळं खरवडत असणार." ती मागे बसलीसुद्धा. "शेतातल्या वाटेने घे. तो डांबरी रस्त्याने वळसा घालून जाईल."

मी स्कूटर दामटली. बांधावरून, खड्ड्यांतून, वहिनी माझ्या खांद्याला घट्ट धरून. शेड दिसली. दारात खताचा ढीग रचलेला होता, आत एक बाई पाठमोरी, वाकून, शेवटच्या रांगेला पोचलेली. साहेबांच्या गाडीचा हॉर्न वळणावर वाजला. स्कूटर थांबायच्या आत वहिनीने उडी मारली आणि आयुष्यात कधी ओरडली नव्हती तशी ओरडली, "अहो बाई, फावडं खाली ठेवा! आधी ते फावडं खाली ठेवा!"